एसएसएचने खाल्लेली यादी

या शनिवारी सिनेमा नाही, पुस्तक नाही, ट्रेकचे फोटोही नाहीत. शेल स्क्रिप्टबद्दल लिहायचंय. थांबा, लगेच पळू नका! ज्यांचा काळ्या खिडकीशी काही संबंध नाही त्यांनाही यातलं निम्मं कळेल, कारण त्यात जेवणाची पंगत आहे, भाऊबंदकी आहे आणि त्र्यंबकेश्वरचा पाऊस आहे. कोड इथे चिकटवणार नाही, सगळं तोंडी सांगणार आहे. कोड चिकटवला की लोक तो उचलून चालवतात आणि का चालला ते वाचतच नाहीत, हा अनुभव आहे.

तर विषय असा. एका फाइलमध्ये यादी आहे, समजा चाळीस मशीनची. व्हाइल रीड लूप लावायचा, एकेक ओळ वाचायची, त्या मशीनवर एसएसएचने काहीतरी करायचं, पुढची ओळ. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा लिहील. आणि चालवल्यावर पहिलं मशीन होतं, लूप संपतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, एक्झिट कोड शून्य. "सगळं नीट झालं" म्हणून स्क्रिप्ट सभ्यपणे निघून जाते. सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांना हा प्राणी कधी ना कधी भेटतोच. मला मात्र तो ऑफिसात न भेटता थेट त्र्यंबकला, एका गुरुजींच्या माजघरात भेटला.

आजोबा गेल्यावर वर्षश्राद्धानंतर त्र्यंबकला जाऊन यायचं बाबांच्या मनात होतं. गेल्या पावसाळ्यात एक वीकेंड मिळाला. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण गाडी चालवायला कोणीतरी लागतंच. नाशिक सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, आणि त्र्यंबक जवळ आलं की ब्रह्मगिरी दिसायला हवा, तो दिसलाच नाही. ढगांनी गिळला होता. त्र्यंबकचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि वह्यापुस्तकांना बुरशी येते. ही बुरशी पुढे गोष्टीत येणार आहे.

तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात हे ऐकून माहीत होतं, पाहिल्या नव्हत्या. गुरुजींनी बाबांना गाव विचारलं, आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं (हे वेगळं निघालं, मलाही नवीन!), आणि आतून लाल फडक्यात बांधलेली लांबुळकी वही आणली. पाच मिनिटांत पान सापडलं. 1956 च्या सिंहस्थात पणजोबा आले होते, बरोबर आजोबा. पणजोबांची सही मोडीत, आजोबांची खाली बाळबोध, वळणदार. आजोबांचं हे अक्षर मी त्यांच्या चेकवर बघितलेलं, तेच. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. कुठलाही डेटाबेस बघून मला असं कधी झालेलं नाही, एवढंच लिहितो.

वही हातात घेतल्यावर दुसरी गोष्टही दिसली. पानांच्या कडा झडत होत्या, खालच्या कोपऱ्यात ओल चढलेली होती, आणि कसरीने मधूनमधून नक्षी काढली होती. गुरुजी म्हणाले, "आता फोटो काढून ठेवतोय सगळ्याचे. पोरगा करतो ते. इंजिनियरिंगला आहे नाशकात." आणि मग तो पोरगा आला. मी काय करतो ते बाबांनी तोपर्यंत सांगून ठेवलेलं होतंच (आई-बाबा हे कुठेही सांगतात). "दादा, एक स्क्रिप्ट बघता का? चालते, पण मला जरा शंका आहे."

जरा शंका!

त्याची व्यवस्था खरंच चांगली होती. एकूण 41 वह्या. दर वहीचं एक फोल्डर, त्यात पानापानाचे फोटो. लॅपटॉप लहान, म्हणून मागच्या खोलीत जुना डेस्कटॉप लिनक्स टाकून ठेवलेला, त्याला मोठी डिस्क. यादीच्या फाइलमध्ये 41 फोल्डरांची नावं. स्क्रिप्ट दर ओळीला आधी एसएसएचने पलीकडे फोल्डर बनवणार, मग एससीपीने फोटो पाठवणार. शेवटी पडद्यावर "झालं". तो रोज रात्री चालवायचा, रोज "झालं" यायचं. पलीकडे जाऊन त्याने पहिलं फोल्डर उघडून पाहिलं होतं, फोटो होते. आणि लॅपटॉप भरत आला म्हणून पहिल्या तीन वह्यांचे फोटो त्याने तिथून उडवले होते. बाकीच्या काही रविवारी उडवायच्या होत्या. आम्ही गेलो तो शनिवार.

पलीकडच्या मशीनवर फोल्डर होतं एक.

आता हे होतं कसं ते नीट सांगतो, कारण "एसएसएचला मायनस एन लाव, चालेल" एवढं सांगणारे ढीगभर आहेत.

पंगत डोळ्यापुढे आणा. एकच पातेलं आहे बुंदीचं. लूपने ते पातेलं दारात ठेवलंय, हेच स्टँडर्ड इनपुट. रीड हा अत्यंत सज्जन वाढपी. तो एकच डाव काढतो, म्हणजे एक ओळ, आणि बाकीचं पातेलं तसंच ठेवतो. मग लूपच्या पोटातल्या कमांडची पाळी. तिलाही तेच पातेलं दिसतं, कारण युनिक्समध्ये पोटच्या प्रोसेसला आईबापाचं स्टँडर्ड इनपुट वारशात मिळतं, वेगळं काही दिलं नाही तर. फोल्डर बनवणारी कमांड लॅपटॉपवर चालवली असती तर तिने त्या पातेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एसएसएच? त्याचं कामच मुळी इकडे जे येईल ते उचलून तिकडे पोचवायचं. तुम्ही टाइप केलेलं पलीकडे जातं ते असंच. पलीकडच्या कमांडला ते हवंय की नको हे एसएसएचला कसं कळणार? तो अख्खं पातेलं उचलतो आणि शेजारच्या घरी नेऊन देतो. शेजारच्या घरी फोल्डर बनवणारी कमांड आहे, तिला बुंदी नकोच आहे. सगळी सांडली. इकडे सज्जन रीड दुसऱ्यांदा येतो, पातेलं रिकामं, त्याला वाटतं पंगत उठली. लूप संपला. झालं.

म्हणजे 2 ते 41 ही नावं रोज रात्री मागच्या खोलीत जाऊन हवेत विरत होती. कोणी खोटं बोललं नाही. एसएसएचने आपलं काम चोख केलं, रीडनेही केलं. म्हणून तर एरर नाही.

रीडचा सज्जनपणा किती आहे माहितीये? इनपुट पाइपमधून येत असेल तर बॅशचा रीड एकेक बाइट वाचतो. एसट्रेस लावून बघा, करमणूक होते. एक अक्षर, सिस्टिम कॉल, एक अक्षर, सिस्टिम कॉल. का? तर मोठा घास घेतला आणि त्यात पुढच्या ओळीचा तुकडा आला तर तो पाइपमध्ये परत टाकता येत नाही, आणि मागच्याची ओळ अर्धी खाल्ली जाईल. साधी फाइल असेल तर तो मोठा घास घेतो खरा, पण ओळ संपते तिथपर्यंत फाइलमधली जागा मागे सरकवून ठेवतो. शेलचे लूप संथ असतात म्हणून आपण नावं ठेवतो, पण त्यातला काही संथपणा हा असा मागच्याचा विचार करण्यातला आहे. बाकी बहुतेक प्रोग्रॅम एवढे विचारी नसतात.

आणि हे एकच पातेलं असणं, ते कोणाच्या दुर्लक्षामुळे नाही बरं का. मुद्दाम केलंय. डेनिस रिचीने युनिक्सच्या घडणीबद्दल लिहिलंय त्यात ही गंमत आहे. पीडीपी-7 वर युनिक्स घडत होतं त्या दिवसांत, फाइलमध्ये आपण कुठवर आलोय ही खूण प्रत्येक प्रोसेस स्वतःपाशी ठेवायची. मग दोन कमांडची स्क्रिप्ट चालवून तिचं आउटपुट फाइलमध्ये घेतलं, तर पहिल्या कमांडने लिहिलेलं दुसरी पुसून टाकायची. कारण दुसरी कमांड शेलकडून खूण घ्यायची आणि शेलने स्वतः काहीच लिहिलेलं नसल्याने ती खूण शून्यावरच! मग त्यांनी ती खूण प्रोसेसमधून काढून सिस्टिमच्या एका सामायिक टेबलात ठेवली. पोरंबाळं सगळी तीच खूण वापरणार. एकाने पुढे नेली की सगळ्यांची पुढे गेली. म्हणून आज आपल्या स्क्रिप्टमधल्या दहा कमांडचं आउटपुट एकाखाली एक नीट येतं. आणि म्हणूनच एसएसएचने खूण यादीच्या टोकाला नेली की रीडचीही टोकाला जाते. आउटपुटसाठी केलेला उपाय इनपुटला बाधतो. मला तो उपाय तरीही बरोबरच वाटतो. सामायिक गोष्टी असतातच, फक्त कोणाला कुठवर हात घालू द्यायचा हे सांगायला लागतं.

सामायिकवरून आठवलं. त्र्यंबकला ही गोष्ट समजावताना गुरुजींनी मध्येच तोंड घातलं. ते बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कुशावर्तच की." गौतम ऋषींनी तप करून गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली, पण ती एका जागी थांबेना, इथे दिसे, तिथे गुप्त होई. शेवटी त्यांनी कुश फिरवून तिला अडवलं, ते कुशावर्त. तिथून पुढे ती गोदावरी होऊन 1465 किलोमीटर जाते, आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत. गुरुजींचं म्हणणं, प्रवाह आला की आधी त्याला बांध घाला, नाहीतर तो भलतीकडे जाणारच. टेक्निकली शंभर टक्के बरोबर. मी कितीतरी सीनियर लोकांना हे यापेक्षा वाईट समजावताना ऐकलंय :)

तर बांध कसा घालायचा. तीन तऱ्हा आहेत आणि मी त्या तिन्ही पोराला दाखवल्या.

पहिली, एसएसएचला मायनस एन द्यायचा. म्हणजे बाबा रे, इनपुट वाचूच नकोस. सोपी, पण फक्त एसएसएचपुरती. पासवर्ड विचारायचा असेल तर अडत नाही, कारण पासवर्ड तो स्टँडर्ड इनपुटमधून न घेता थेट टर्मिनलकडून घेतो. (मलाही पूर्वी वाटायचं की अडेल.) दुसरी, कमांडच्या मागे तिचं इनपुट डेव्ह नलकडे वळवायचं. हे कुठल्याही कमांडला चालतं, आणि कोण किती खादाड आहे ते पाठ करावं लागत नाही. एफएफएमपेग असाच खादाड आहे. व्हिडिओ कन्व्हर्ट करताना क्यू दाबला की थांबायची सोय त्यात आहे, म्हणून तो इनपुटवर कान लावून बसतो. लूपमध्ये टाकलात तर पुढच्या फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरं खाऊन टाकतो, आणि मग "अशी फाइल नाही" म्हणून तुम्हीच चक्रावता. त्याला नो-एसटीडीइन असा ऑप्शनच दिलाय.

तिसरी तऱ्हा माझी आवडती. पातेलंच वेगळ्या खोलीत ठेवायचं. लूपला यादी शून्य नंबरच्या डिस्क्रिप्टरवर न देता तीन नंबरवर द्यायची आणि रीडला सांगायचं, तू तीनमधून वाच. आता पोटातल्या कमांड शून्यावर हवा तेवढा हात मारोत, तिथे यादी नाहीच. आणि कीबोर्ड मोकळा राहतो, म्हणजे मध्येच माणसाला "करू का?" असं विचारता येतं.

हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण खरा धोका तिथे आहे. समजा लूपमध्ये तुम्ही फाइल पुसायची कमांड मायनस आयने, म्हणजे विचारून पुसायच्या बोलीवर टाकलीत. ती प्रश्न विचारते, आणि उत्तर कुठून घेते? त्याच पातेल्यातून. यादीतली पुढची ओळ हेच तिला उत्तर वाटतं. पुढच्या फाइलचं नाव इंग्रजी वायने सुरू होत असेल, समजा यवतमाळ, येवला, यादी, तर ते "येस" धरलं जातं आणि फाइल जाते. मराठी गावांच्या यादीत हे सहज घडेल. विचारून पुसतोय म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि उत्तरं येवला देतोय!

पोराने विचारलं, "पण दादा, फॉर लूप वापरला तर?" चांगला प्रश्न. फॉरमध्ये यादी आधीच सगळी वाचून होते, म्हणून एसएसएच तिला खाऊ शकत नाही. पण फॉर स्पेसवर तोडतो. त्याच्या फोल्डरांची नावं "वही 7 नगर जिल्हा" अशी. एका वहीचे चार तुकडे झाले असते. गळ्यातलं पायात. रीड वापरायचा तर मायनस आर लावायचा, नाहीतर उलटा स्लॅश गिळला जातो, आणि आयएफएस रिकामा ठेवायचा, नाहीतर ओळीच्या कडेच्या स्पेस छाटल्या जातात. हे सगळं कोणी लक्षात ठेवत नाही. शेलचेक नावाचं टूल आहे, ते स्क्रिप्ट वाचून सांगतं. एसएसएचच्या या भानगडीला तर त्यात स्वतंत्र नंबर आहे, 2095. कॉलेजात आम्हाला शेलचा पेपर होता, ऑड-इव्हन, पॅलिंड्रोम, फॅक्टोरियल सगळं शेलमध्ये लिहून घेतलं. स्टँडर्ड इनपुट वारशाने जातं हे एका ओळीने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. असो.

दुरुस्त केलेली स्क्रिप्ट लावली. बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा गेली, बाबा आणि गुरुजी 1956 च्या पानावरून कोण कोणाचा कोण हे लावत बसलेले. लॅपटॉपवर 38 वह्या उरल्या होत्या, यादी तेवढीच करून घेतली. तास-दीड तासाने "झालं" आलं. या वेळी पोराने त्यावर विश्वास ठेवला नाही. पलीकडे जाऊन फोल्डर मोजले. जुनं एक आणि नवी 37. म्हणजे 38. हवी होती 39.

शेवटची वही राहिली होती. मी यादीची फाइल उघडली आणि हसूच आलं. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेला नव्हता. रीडच्या लेखी ओळ म्हणजे शेवटी न्यूलाइन असलेली. तशी नसेल तर तो मजकूर व्हेरिएबलमध्ये भरतो खरा, पण "फाइल संपली" म्हणून नकार परत करतो, आणि व्हाइल त्या नकारावर बाहेर पडतो. हातात वही आहे, पण मोजणीत नाही. अटीत "किंवा व्हेरिएबल रिकामं नसेल तर" एवढं जोडलं की ती ओळही येते. म्हणजे आधी पहिल्याच ओळीवर संपत होता, आता शेवटच्या ओळीआधी संपला. पोराने कपाळावर हात मारला. मग मोजणीच स्क्रिप्टमध्ये घातली. इकडच्या फाइल किती, तिकडच्या किती, आणि दोन्हीकडचे चेकसम जुळले तरच "झालं" म्हणायचं, नाहीतर नाव घेऊन ओरडायचं.

राहता राहिल्या दोन आणि तीन नंबरच्या वह्या. लॅपटॉपवर रिकव्हरीचं टूल लावून बघितलं. पण एसएसडी, डिलीट केलेला भाग ट्रिमने केव्हाच साफ केलेला. कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करून चारदा वापरून झालेलं. तीन नंबरची वही घरातच होती, तिचे फोटो पुन्हा काढायचे, एवढंच.

दोन नंबरची वही मात्र काकांची. गुरुजींच्या आजोबांच्या वाटण्यांत वह्यापण वाटल्या गेल्या, गावंगणिक. काकांच्या वाट्याच्या वहीत निम्मा तालुका. दोन घरांच्या मध्ये एक बोळ आणि बरीच वर्षं. दोन वर्षं सांगून सांगून, मधे कोणाला तरी घालून, ती वही आठ दिवसांसाठी मिळाली होती आणि शब्द दिल्याप्रमाणे नवव्या दिवशी परत गेली होती. आता परत मागायला जायचं, तेही "फोटो गेले" हे सांगत. पोराचा चेहरा बघवत नव्हता. गुरुजी रागावले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, "मी बोलतो त्याच्याशी. स्क्रिप्ट वगैरे काही सांगू नको तू तिथे."

मागच्या आठवड्यात पोराचा फोन होता. काकांनी वही दिली, पण उंबऱ्याबाहेर न्यायची नाही या अटीवर. तो दर शनिवारी नाशिकहून येतो आणि त्यांच्या ओसरीवर बसून फोटो काढतो. काकू चहा देतात. काका समोर बसून पानं उलटतात, दुसऱ्या कोणाला उलटू देत नाहीत. 112 पानं झालीत, अर्ध्याहून जास्त वही बाकी आहे, आणि परवा म्हणे काकांनी स्वतःच विचारलं, वरच्या माळ्यावर अजून दोन आहेत, त्या घेतोस का.